सुमे, मुग्धाचे बूट माळ्यावर गेले

जेलरोड, नाशिकरोड
२७ जानेवारी २०२५

प्रिय सुमे,

दिवाळीपासून तुला एक ओळ नाही. रागावली असशील तर राग बाजूला ठेव आणि आधी हे वाच. आम्ही सगळे बरे. अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, माझा बीपी गोळीवर आहे.

शनिवार-रविवार घर टीव्हीपुढेच होतं. शनिवारी रात्री चेन्नईची इंग्लंडबरोबरची टी-ट्वेंटी. १६६ करायचे आणि समोरून एकेक जण परत चाललेला. तिलक वर्मा मात्र नाबाद ७२ करून उभा राहिला. दोन विकेट आणि चार चेंडू राखून जिंकलो तेव्हा शिरीषचा चहा सोफ्यावर. त्याच संध्याकाळी पद्मश्रींच्या यादीत अशोक सराफ, मारुती चितमपल्ली, अश्विन. आईंनी अशोक सराफांसाठी टाळ्या वाजवल्या, अश्विन कोण ते विचारलंसुद्धा नाही.

काल सकाळी जिलेबी आणि संचलन. तोफांची सलामी सुरू झाली की अण्णा अजून ताठ बसतात. देवळालीच्या तोफखान्यात आयुष्य गेलंय! पूर्वी सलामीला इंग्रजांची पंचवीस पाउंडर असायची, आता आपली १०५ मिलिमीटरची, हे त्यांनी यंदाही ऐकवलं. पाहुणे इंडोनेशियाचे अध्यक्ष प्रबोवो. १९५० मध्ये पहिल्या प्रजासत्ताक दिनालाही इंडोनेशियाचेच सुकार्नो आले होते, हेही अण्णांकडूनच कळलं. महाराष्ट्राचा चित्ररथ यंदा नव्हता म्हणून आई रुसल्या होत्या. उत्तर प्रदेशचा महाकुंभ समोरून गेला तशा म्हणाल्या, “येऊ दे २०२७, आपल्या सिंहस्थाला बघतील सगळे.”

आणि हे सगळं चालू असताना दहावीतली आमची मुग्धा आतल्या खोलीत भूमितीची प्रमेयं सोडवत होती. दोन्ही दिवस.

त्याच्या आधीच्या रविवारी हीच पोरगी खो-खो वर्ल्ड कपच्या फायनलला सोफ्यावर उभी होती. आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० हरवलं. कॅप्टन प्रियंका इंगळे. नंतर पुरुषांचीही फायनल आपणच घेतली, तिथे प्रतीक वाईकर. दोन्ही कप महाराष्ट्राच्या पोरांच्या हातात, सुमे! आपण अनवाणी मातीत खेळलो, कुणी टीव्हीवर दाखवेल असं स्वप्नातही नव्हतं. मुग्धा तर प्रत्येक खो बरोबर ओरडत होती. मला तू दिसत होतीस, चौथ्या पाटीवर, उठायला टपलेली.

दुसऱ्याच दिवशी क्लासच्या सरांचा शिरीषला फोन. एकवीस फेब्रुवारीला बोर्ड सुरू, आता खो-खोचं ग्राउंड बंद करा. शिरीषने तिला सांगितलं. मी भांडणाच्या तयारीत होते, तिच्या बाजूने बोलायचं हेही ठरवलं होतं. ती नुसतं “बरं” म्हणाली. बूट धुतले, वाळवले, पिशवीत घालून माळ्यावर ठेवले. महिनाभरासाठी कुणी बूट माळ्यावर ठेवतं का गं? दाराशी राहिले असते तर मी निवांत झोपले असते.

परवा तेल लावताना तिचे गुडघे पाहिले. खांबावरून सूर मारून मारून कायम खरचटलेले असायचे. खपल्या पडून नवी कातडी आलीय. शिरीषला म्हटलं तर म्हणतो, चांगलंच झालं की. त्याला काय सांगू?

तूही दहावीला असंच सोडलंस. परीक्षेपुरतं म्हणालीस आणि अकरावीला ग्राउंडवर आलीच नाहीस. तुझं म्हणणं, मला कुणी अडवलं नव्हतं, माझंच मन उडालं. मी ते तेव्हाही मानलं नाही, आजही मानत नाही. तुझ्या लग्नात यावरून आपण मेंदी ओली असताना भांडलो होतो, आणि तुझी मावशी आपल्याला वरपक्षाकडचं काही बिनसलं असं समजून मध्ये पडली होती! पण या वेळी मला जिंकायचं नाही. खरं सांग, मन आधी उडालं की ग्राउंड आधी सुटलं? आणि त्या वर्षी कुणी येऊन विचारलं असतं तर तुला आवडलं असतं, की आणखी चिडली असतीस? मला तिच्यावर खेळ लादायचा नाही. नको असेल तर नको. पण हवा असून ती गप्प बसली असेल, तर ते मला आत्ता कळायला हवं, मार्च संपल्यावर नाही.

तुझं कसं चाललंय? सासूबाई काठीशिवाय चालतात का? रोहनच्या जर्मनीचं काय झालं? नवीन घराचे फोटो पाठव, फक्त ओट्याचे नकोत. आणि हो, तुझ्या बडोद्याला आमच्या गोल्फ क्लब मैदानावर महाराष्ट्राने रणजीत ४३९ धावांनी हरवलंय. बडोदेकर झालीस ना, घे आता वाटून.

मुग्धाला एकदा फोन कर. अभ्यासाचं विचार, बाकी तुला सुचेल ते. ती माझ्यापेक्षा तुझ्याशी जास्त बोलते आणि त्याचं मला बरंच वाटतं. शाळेच्या टीमचा आपला फोटो सोबत पाठवतेय. तिला दाखवायचा की नाही हे तूच ठरव, आणि तेवढं दहावीच्या आधी कळव.

तुझी,
विजू