टेबल सॉची मोटर सुरू होत नाही, आणि नको तेव्हा आपोआप सुरू होते

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : १० इंची टेबल सॉबाबत (टेबलात बसवलेल्या गोल पात्याचं लाकूड चिरायचं मशीन) लेखी तक्रार

आत्ताच तुमच्या हेल्पलाइनचा फोन ठेवला. ठेवतो न ठेवतो तोच 'आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे' असा मेसेज आला. कसलं निराकरण? मशीन समोर उभं आहे. स्विच दाबला की 'घुंऽऽ' करतं, पातं जेमतेम हलतं आणि ओव्हरलोडचं लाल बटण टपकन बाहेर येतं. सुरुवातीला सकाळी चालू व्हायचं, दुपारी नाही. आता सकाळीही नाही.

मशीन तुम्हीच बनवलंय, तेव्हा मोटर इंडक्शनची आहे, कॅपॅसिटर स्टार्ट आहे (म्हणजे सुरुवातीचा धक्का कॅपॅसिटरच्या मदतीने मिळतो) आणि पातं पट्ट्यावर फिरतं हे सांगत बसत नाही. अशी मोटर सुरू होताना नेहमी चालताना लागणाऱ्या करंटच्या पाच-सात पट करंट ओढते, हेही तुमच्या कारखान्यात कुणाला तरी माहीत असेलच. म्हणून मी आधी स्वतंत्र लाइन ओढून घेतली. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपिअरचा सॉकेट, सुरुवातीच्या झटक्याला न पडणारा वेगळा सी टाइप एमसीबी, अर्थिंग तपासलेलं. एक्स्टेन्शन बोर्ड नाही.

तरीही दर फोनला पहिला प्रश्न : "सर, एक्स्टेन्शन वापरता का?" नाही म्हटलं, की पुढच्या वेळी नवीन माणूस आणि पुन्हा तोच प्रश्न. शेवटी तुमच्याच माणसाने नोंद वाचून दाखवली, 'ग्राहक एक्स्टेन्शन वापरतो, व्होल्टेज कमी.' पाऊण चौरस मिलिमीटरच्या ३० मीटर वायरीतून १५ अँपिअर खेचले, तर जाऊन-येऊन तेवीसेक व्होल्ट वायरीतच जिरतात. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे १० टक्के व्होल्टेज गेलं की १९ टक्के जोर गेला. हे मला कळतं, म्हणूनच एक्स्टेन्शन नाही. मोटर घुमत असताना सॉकेटवर मीटर लावून पाहिला, २१४ व्होल्ट. एवढ्यावर निरोगी मोटर मुकाट्याने सुरू होते.

आता तुमच्या कागदांकडे वळू. खोक्यावर ठळक अक्षरांत '३ एचपी'. मोटरच्या प्लेटवर 'इनपुट १८०० वॅट'. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, तीन म्हणजे २२३८. म्हणजे तुमची मोटर १८०० वॅट खाते आणि २२३८ वॅटचं काम करते! अभिनंदन. जगभरचे शास्त्रज्ञ आजवर उगाच झिजले. हा तीनचा आकडा मोटर अडखळून बंद पडायच्या आधी क्षणभर जेवढा जोर देते त्याचा असणार, दिवसभर फळ्या चिरायच्या जोराचा नव्हे. खोक्यावर तसं लिहिलं असतं तर मी वेगळं मशीन घेतलं असतं, हे तुम्हालाही कळत असावं.

प्लेटवर अँपिअरचा रकाना छापलेला आहे, आत आकडाच नाही. खरी ३ एचपीची मोटर असेल तर पूर्ण लोडवर चौदाच्या आसपास अँपिअर लागतील. १८०० वॅट खरं मानलं तर नऊ-साडेनऊ. वायरमनने यातला कुठला आकडा धरायचा? तुमच्या हेल्पलाइनला विचारलं तर उत्तर मिळालं, "सर, नॉर्मल घरगुती लाइटवर चालतं."

पण हे सगळं एका बाजूला. हे पत्र ज्या फोनमुळे लिहितोय तो सविस्तर सांगतो, कारण तुमच्या नोंदीत तो नसणार.

मशीन सकाळी चालू व्हायचं तेव्हाची गोष्ट. एक फळी चिरून झाली होती, तेवढ्यात लाइट गेली. पातं अजून घरंगळत होतं. मी स्विच बंद करायला हात नेतोय, तोच लाइट परत आली आणि मशीन आपलं आपण सुरू झालं. फेन्स (फळी सरळ सरकवायची आधारपट्टी) आणि पात्याच्या मधे पडलेला चिरफळा दातांनी उचलला, तो माझ्या कमरेजवळून गेला आणि मागच्या पत्र्यावर आदळला. १० इंची पातं मिनिटाला ४००० फेरे घेत असेल तर दाताचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या घरात जातो. मी पात्याच्या रेषेत उभा नव्हतो आणि हातात पुश स्टिक, म्हणजे फळी ढकलायची काठी, होती, म्हणून दहा बोटांनी हे पत्र टाइप करतोय.

मी हे तुमच्या 'वरिष्ठ तांत्रिक अधिकाऱ्यां'ना सांगितलं. शांतपणे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे सर. लाइट आली की मशीन सुरू होतं. पुन्हा बटण दाबायचा त्रास नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. विचारलं, "याला नो-व्होल्ट स्विच नाही का?"

"ते काय असतं सर?"

वरिष्ठ. तांत्रिक. अधिकारी. मी त्यांना समजावलं, हो, ग्राहकाने कंपनीला समजावलं, की अशा स्विचमध्ये कॉइल असते, वीज गेली की संपर्क सुटतो आणि माणसाने हिरवं बटण दाबेपर्यंत मशीन सुरू होत नाही. ते म्हणाले, "सर, आपल्या मॉडेलमध्ये ऑटो रिस्टार्ट दिलेलं आहे." दिलेलं आहे! जणू सणाची भेट. साधा दिव्याचा असतो तसला स्विच बसवायचा आणि त्याला सुविधा म्हणायचं.

पुढे अजून आहे. मोटर सुरू होत नाही म्हटल्यावर त्यांनी उपाय सांगितला : "पात्यामागची ती पट्टी काढून टाका सर, कुणीच लावत नाही. लोड कमी होईल." ती पट्टी म्हणजे रायव्हिंग नाइफ. चिरलेली फट मिटून लाकूड पात्याला मागून आवळू नये म्हणून ती असते. आवळलं, तर वर येणारे मागचे दात अख्खी फळी उचलून माणसाच्या अंगावर फेकतात. तिच्यामुळे मोटरवर लोड येत नाही, उलट पातं अडकायचं टळतं. आणि माझी मोटर तर रिकामी, टेबलावर लाकूड नसताना, सुरू होत नाही! मी हे म्हटल्यावर ते म्हणाले, "सर, तुम्ही फार टेन्शन घेता."

या माणसाच्या सल्ल्यावर एखाद्या शिकाऊ पोराने खरंच ती पट्टी काढली असेल. त्याची नोंद तुमच्याकडे कोणत्या रकान्यात होते? 'निराकरण झाले'मध्येच ना?

खरं तर दोष काय असावा हे त्याच प्रसंगात दिसलं. थांबलेली मोटर उठत नाही, पण फिरत असताना लाइट आली तर झटक्यात वेग घेते. फिरत्या सिंगल फेज मोटरला स्टार्ट वाइंडिंग (सुरुवातीचा धक्का देणारी वेगळी गुंडाळी) लागत नाही. म्हणजे संशय स्टार्ट कॅपॅसिटरवर, नाहीतर मोटरने वेग घेतला की ती वाइंडिंग तोडणाऱ्या सेंट्रिफ्युगल स्विचवर. कॅपॅसिटर तपासून बदलणं फार तर अर्ध्या तासाचं काम. पण वॉरंटीत मोटरचं झाकण मी उघडायचं नाही आणि तुमचा माणूस येत नाही, कारण नोंदीत 'व्होल्टेज कमी' लिहिलंय. ते कमी नाही. २१४. पुन्हा लिहितो : एक्स्टेन्शनही नाही.

वाईट याचं वाटतं की तुमचीच जुनी हँड ड्रिल अजून माझ्याकडे रोज चालते. तिच्या प्लेटवर अँपिअर लिहिलेले आहेत. तेव्हा तुमच्याकडे कोण होतं आणि ते कुठे गेले, कुणास ठाऊक. अंगाचा स्पर्श होताच काही मिलिसेकंदांत पातं रोखणाऱ्या टेबल सॉ बाजारात येऊन वीसेक वर्षं झाली. तेवढी अपेक्षा तुमच्याकडून नाही. वीज गेल्यावर बंद पडलेलं मशीन बंदच राहावं, एवढं तरी?

मला हवंय ते असं : जागेवर येऊन मोटर तपासा आणि दुरुस्त करा, जमत नसेल तर मशीन परत घेऊन पूर्ण पैसे द्या. नो-व्होल्ट स्विच तुमच्या खर्चाने बसवा, आणि या मॉडेलच्या बाकीच्या ग्राहकांनाही कळवा. पूर्ण लोडचा करंट लेखी द्या, सहीशिक्क्यासह.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक न्यायालयात जाईन. प्लेटचा फोटो, खोक्याचा फोटो आणि हा फोन, तिन्ही जपून ठेवलेत. तुमचे कॉल 'गुणवत्तेसाठी' रेकॉर्ड होतात म्हणे. माझ्याकडेही झालाय.

आपला,
(अजून तरी) ग्राहक

ता. क. : माहितीपुस्तिकेत पान ४ वर 'हातमोजे घालू नका' असं लिहिलंय. मुखपृष्ठावरचा तुमचा हसरा माणूस जाड हातमोजे घालून, गार्ड काढलेल्या पात्यावर फळी ढकलतोय. पुढच्या छपाईत निदान त्याला पान ४ वाचायला द्या.