दुपारचे सात खण

बोरिवली, मंगळवार रात्र

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, रविवारी दादरला आले तेव्हा गोळ्यांच्या डब्यातले दुपारचे सातही खण भरलेले दिसले. मी तिथेच तोंड सोडलं. माफ करा. आई गप्प होती, म्हणजे तिला ठाऊक होतं.

परतीच्या लोकलमध्ये तुमचं ताट डोळ्यांपुढे येत राहिलं. बांगड्याचं कालवण तुम्ही दोन घासांत सरकवलं होतंत. मानेवर उन्हाने उठलेले लाल चट्टे होते, म्हणून शिवाजी पार्कची सकाळची फेरीही बंद. पिरफेनिडोनचा, म्हणजे तुमच्या फुप्फुसांच्या गोळीचा, त्रास रोज अंगावर येतो. गुण मात्र जाणवतच नाही, कारण ती गोळी धाप कमी करत नाही, फुप्फुसं कडक होण्याचा वेग तेवढा कमी करते. २०१४ साली तिची मोठी चाचणी छापून आली, ५५५ रुग्णांची. वर्षभरात ज्यांची फुप्फुसं बरीच खालावली किंवा जे दगावले, ते गोळी न घेणाऱ्यांत ३२ टक्के होते, घेणाऱ्यांत १७. पण त्याच चाचणीत गोळी घेणाऱ्या दर शंभरांत ३६ जणांना मळमळ झाली. तेव्हा तुम्ही हट्टाने नाही, हिशेब करून दुपारची गोळी सोडलीत, हे मला आता कळतंय. जेवणाची चव हीसुद्धा आयुष्यातली मोठी गोष्ट आहे, बाबा.

पण हिशेब लपवू नका. डॉक्टर समजतात की तुम्ही पूर्ण डोस घेताय. पुढच्या स्पायरोमेट्रीत, म्हणजे नळीत फुंकायच्या त्या फुप्फुसांच्या तपासणीत, आकडा घसरला, तर हे औषध लागू पडत नाही असंच ते धरतील. खरं सांगितलंत तर वाटा आहेत: डोस थोडा उतरवून पुन्हा हळूहळू चढवणं, गोळ्या एकदम न घेता जेवताना मधेमधे घेणं. याच आजाराचं दुसरं औषध, निंटेडॅनिब, दिवसातून दोनदाच असतं, पण त्याने दहातल्या सहा जणांना जुलाब होतात. बसने फिरणाऱ्या माणसाला ते झेपेल का, हे तुम्हीच सांगायचं. मळमळ परवडते की जुलाब, हे मी कोण ठरवणार?

गुरुवारी मी सुट्टी टाकली आहे, अकराला घरी येते. आई, तोवर दुपारचे खण रिकामे करू नकोस. डबा आहे तसाच पिशवीत घाल, डॉक्टरांना दाखवायचा आहे.

तुमची,
मनू