वारीतल्या चेहऱ्याखाली नाव छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची आणि अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघते. त्या दिवसापासून आषाढी एकादशीपर्यंत वर्तमानपत्रांत वारकऱ्यांचे चेहरे झळकत राहतात. सुरकुत्या, कपाळी बुक्का, डोक्यावर तुळस आणि खाली ओळ : 'विठुनामात दंग झालेल्या आजी'. या आजींना नाव असते, गाव असते, दिंडीचा क्रमांक असतो. यातले काहीच छापले जात नाही, कारण फोटो काढणाऱ्याने बहुधा विचारलेलेच नसते. दिवे घाटात कठड्यावरून २०० मिलिमीटरच्या, दूरचे जवळ आणणाऱ्या लेन्सने टिपलेल्या माणसाला विचारणार तरी कसे?

खरे तर अनोळखी माणसाशी बोलून त्याचा फोटो काढणे वारीइतके सोपे दुसऱ्या कुठल्याच रस्त्यावर नाही. हाक कशी मारायची हा प्रश्नच नसतो. लहानथोर, बाईमाणूस, सगळ्यांना 'माउली'. फक्त वेळ ओळखावी लागते. चालत्या दिंडीत शिरू नये. टाळकऱ्यांच्या रांगांपुढे उलट्या पावलांनी चालणारा छायाचित्रकार स्वतः अडखळतो आणि मागच्यांचीही लय मोडतो. अभंग चालू असताना कोणाला थांबवू नये. विसाव्याला पंगत उठली, पाय जरा मोकळे झाले, की जवळ जावे. कॅमेरा डोळ्याला लावलेला नको, खाली असू द्यावा. 'माउली, तुमचा एक फोटो काढू का?' एवढे पुरते. नको म्हणाले तर हात जोडून पुढे व्हावे. पुन्हा वळून लांबून टिपणे ही चोरीच.

पहिल्या फोटोत माणूस ताठ उभा राहतो, पदर नाहीतर टोपी सारखी करतो. तो फोटो पुसू नका. घरच्यांना बहुतेकदा तोच आवडतो. मग पेरणी झाली का, पाऊस कसा आहे, सोबत कोण कोण आले, असे विचारत राहावे. चेहरा सैल होतो तेव्हाचे दोन-तीन फोटो आपल्यासाठी.

अंतर चार-पाच फूट ठेवावे. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० किंवा ८५ मिलिमीटरची लेन्स, क्रॉप (लहान) सेन्सरवर ३५ किंवा ५०. मोबाइल असेल तर मुख्य कॅमेरा दीड फुटावर नेऊ नका, नाक मोठे आणि कान लहान दिसतात. चार फूट मागे सरून दुप्पट झूम वापरा. मागचे धूसर करणारा पोर्ट्रेट मोड वारीत फसवा ठरतो. तुळशीची पाने, वीणेच्या तारा, फेट्याचा सुटा शेमला यांच्या कडा तो मागच्या धूसर भागात मिसळून टाकतो.

मोठ्या कॅमेरावाल्यांची हौस म्हणजे अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र; एफचा आकडा लहान तेवढे ते मोठे) पूर्ण उघडायचे. फुलफ्रेमवर ८५ मिलिमीटरच्या लेन्सने पाच फुटांवरून एफ १.८ला पुढून मागे जेमतेम साडेतीन सेंटिमीटर खोली स्पष्ट येते; डोळा धरला की कान गेला, चेहरा थोडा वळला की दुसरा डोळाही गेला. एफ ४ला हीच खोली साडेसात सेंटिमीटरच्या आसपास जाते. एफ ४ ते ५.६ ठेवावे, फोकस जवळच्या डोळ्यावर, शटर उभ्या माणसाला १/१२५ सेकंद आणि हलणाऱ्याला १/२५०. ढगाळ दिवशी आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६०० झाला तरी चालेल. फोटोत थोडे दाणे, म्हणजे बारीक ठिपके, दिसलेले बरे, हललेला चेहरा दुरुस्त होत नाही.

सगळ्यांत जास्त फोटो बिघडतात ते पांढऱ्या कपड्यांमुळे. पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरे धोतर पाहून कॅमेऱ्याला वाटते उजेड फार आहे; तो सगळेच गडद करतो आणि उन्हातान्हात रापलेला चेहरा काळवंडतो. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवावे, किंवा उजेडाची मोजणी चेहऱ्यावरच करावी. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवून उजेडाची पट्टी किंचित वर सरकवायची. टोपीच्या घड्या दिसेनाशा झाल्या तर जास्त झाले असे समजावे. मधूनच कडक ऊन पडले तर झाडाच्या सावलीच्या काठाशी, तोंड मोकळ्या आभाळाकडे करून उभे राहायची विनंती करावी. निळ्या-पिवळ्या ताडपत्रीखाली मात्र फोटो काढू नये. ताडपत्रीचा रंग वरून आणि बाहेरचा उजेड बाजूने येतो, त्यामुळे अर्धा चेहरा निळा पडतो आणि नंतर व्हाइट बॅलन्सने (रंगांचा तोल साधून) एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते.

आता नावाचे. फोटो झाला की मोबाइलवर त्यांच्याच आवाजात नाव, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि मुलाचा किंवा नातवाचा नंबर ध्वनिमुद्रित करावा. घाईत लिहिलेली आडनावे चुकतात. नुसते गाव पुरत नाही. वडगाव आणि पिंपळगाव कितीतरी तालुक्यांत आहेत. लगेच पुढचा फोटो दिंडीच्या ट्रकवरच्या फलकाचा घ्यावा. माउलींच्या पालखीत रथापुढे २७ दिंड्या आणि बाकीच्या रथामागे असतात. दोन्हीकडचे क्रमांक वेगळे मोजतात, म्हणून 'रथापुढे' की 'रथामागे' हे नोंदवले नाही तर क्रमांकाचा उपयोग नाही. पत्ता चुकला तरी पुढच्या वर्षी ती दिंडी त्याच क्रमांकावर सापडते.

फोटो द्यायचा तो छापूनच. पाच बाय सात इंची प्रिंटला साधारण तीस लाख पिक्सेल पुरतात, म्हणजे कुठलाही आजचा मोबाइल चालतो. डोक्यावर आणि खांद्यांच्या बाजूंना जागा सोडून फ्रेम करावी. खेड्यापाड्यांत म्हातारे माणूस गेल्यावर भिंतीवर लावायला आधार कार्डावरचा किंवा लग्नाच्या घोळक्यातला फोटो मोठा करून घ्यावा लागतो. आपण पाठवलेल्या एका प्रिंटचे मोल त्या घरात किती असेल, याचा विचार प्रत्येक छायाचित्रकाराने करावा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबून बारीक होतो.

नीरेच्या काठी अंघोळ करणाऱ्या बायका, पहाटे उघड्यावर आवरणारी आणि दमून झोपलेली माणसे यांचे फोटो काढूच नयेत. परवानगीचा प्रश्नच तिथे येत नाही. फोटोच्या बदल्यात बिस्किटाचा पुडा पुढे करणे हा वारकऱ्याचा अपमान आहे. वासुदेव किंवा पोतराज यांची गोष्ट वेगळी, कला हे त्यांचे पोट आहे, त्यांना बिदागी द्यावीच. आणि रस्त्यावर मिळालेला होकार फोटोपुरता असतो. कायद्याने कॉपीराइट छायाचित्रकाराचा असला, तरी जाहिरातीच्या फलकावर तो चेहरा लावायचा तर वेगळी लेखी संमती घ्यायलाच हवी. सही येत नसेल तर घरच्या माणसाला फोन लावून समजावून सांगावे.

आपल्याला विनंती अशी : यंदाच्या वारीच्या पानांवर एकट्या माणसाचा चेहरा छापताना खाली नाव, गाव आणि दिंडी क्रमांक द्यावा, आणि त्या गावी अंकाची एक प्रत टपालाने पाठवावी. वाचकांकडून वारीचे फोटो मागवताना हीच माहिती आणि संमती सक्तीची करावी. गर्दीच्या, रिंगणाच्या, घाटाच्या दृश्यांना हा नियम लागू करता येणार नाही, तशी अपेक्षाही नाही.

आपला,
एक वाचक, सासवड