गटारातल्या मृत्यूला कोणतं कलम?

प्रति,
मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

फौजदारी वकिली करणाऱ्याच्या हातात एफआयआर आला की डोळा आधी कलमावर जातो. सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये दोन मजूर गेले, त्याचा कागद हातात आला तेव्हा तिथे होतं भारतीय न्याय संहितेचं १०६(१). म्हणजे जुन्या दंड संहितेतलं ३०४-अ, हयगयीने मृत्यू. जामीनपात्र, जास्तीत जास्त पाच वर्षं. ठेकेदार रात्रीच्या जेवणाला घरी.

त्याच संहितेत त्याच्या अगदी शेजारी १०५ आहे, सदोष मनुष्यवध. मारायचा हेतू नसला, तरी आपल्या कृत्याने माणूस मरण्याचा संभव आहे हे ठाऊक असलं तर ते लागतं. दहा वर्षांपर्यंत शिक्षा, अजामीनपात्र, खटला सत्र न्यायालयात.

आता ठाऊक काय होतं ते बघा. पंचनाम्यात प्लास्टिकची बादली, नायलॉनची दोरी आणि टाकीच्या काठावर दोन जोड चपला. मास्क नाही. मुकादम जबाबात म्हणतो, ‘झाकण काढून दहा मिनिटं वाफ जाऊ दिली.’ वाफ कशासाठी जाऊ दिली, साहेब? आत जीवघेणं काही आहे हे माहीत असल्याशिवाय कोण थांबतं? हायड्रोजन सल्फाइड फार झाला की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो. पहिला कोसळला, दुसरा त्याला काढायला उतरला.

संरक्षक साधनांशिवाय गटारात, सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई २०१४ मध्ये १० लाख ठरवली, २०२३ मध्ये ३० लाख केली. इतकं होऊनही ‘अनवधानाने घडलं’ हे ठाणे अंमलदाराला पटतं, याचं मला नवल वाटतं.

शिडीवरून घसरलेल्या प्रत्येक मजुराच्या मालकाला मनुष्यवधाचा आरोपी करा, असं मी म्हणत नाही. हयगय ही हयगयच असते, तिच्यासाठी १०६ हवंच. पण पहिल्या दिवशी लागलेलं कलमच तपासाचा जोर ठरवतं: वर्क ऑर्डर जप्त होते की नाही, कमिटीचा सेक्रेटरी जबाबाला बोलावला जातो की नाही.

म्हणून एक परिपत्रक काढा. साधनांशिवाय माणूस उतरवला असेल तर सुरुवात १०५ ने व्हावी. १०६ वर उतरायचं असेल तर वरिष्ठांनी लेखी कारण द्यावं.

आमचा कलमवाढीचा अर्ज पुढच्या महिन्यात कोर्टाच्या बोर्डावर आहे. मुकादमाचा जबाब पान ११ वर आहे.

आपला,
मृतांपैकी एकाच्या पत्नीचा वकील