इंजिन ऑइलची ग्रेड आणि सोलापूरचा उन्हाळा

संपादक महोदय,

घर्षण कमी करून इंधन वाचवणारी पातळ इंजिन ऑइल बाजारात येऊन काही वर्षे झाली, तरी आपल्या सोलापुरात ‘इथला उन्हाळा कडक, तेव्हा ऑइल जाडच हवे’ असे सांगून अनेक गॅरेजांत सरसकट २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० या जाड ग्रेडचे ऑइल ओतले जाते. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो हे खरे आहे. पण पाण्याने थंड होणाऱ्या मोटारीत थर्मोस्टॅट इंजिनाचे तापमान राखत असल्यामुळे गरम झालेले ऑइल कोणत्याही गावी साधारण १०० अंशांच्या आसपासच असते, आणि ग्रेडमधला दुसरा आकडा त्याच १०० अंशांवरचा दाटपणा दाखवतो. ०डब्ल्यू-२० या पातळ ग्रेडसाठी बनवलेल्या इंजिनात ४० चे ऑइल घातले, की ते पंपाने ढकलण्यात आणि बेअरिंगमध्ये घुसळण्यात पेट्रोल विनाकारण खर्ची पडते. हा फरक टक्का-दोन टक्क्यांचाच असला, तरी तो गाडीच्या प्रत्येक फेरीला पडतो.

हवेने थंड होणाऱ्या दुचाकींची गोष्ट वेगळी. भर दुपारी सात रस्ता चौकात अडकलेल्या दुचाकीचे ऑइल खरोखरच जास्त तापते, त्यामुळे मेकॅनिकची काळजी मला निराधार वाटत नाही. शिवाय बहुतेक मोटारसायकलींच्या क्लचप्लेटा इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. मोलिब्डेनमची संयुगे घालून घर्षण फार कमी केलेले मोटारीचे ऑइल तिथे वापरले, तर क्लच घसरू लागतो आणि ॲव्हरेज वाढण्याऐवजी घटते. यासाठीच जपानच्या ‘जासो’ या वाहन-मानक संस्थेच्या मानकात मोटारसायकलींना ‘एमए’ व ‘एमए२’ आणि कोरड्या क्लचच्या स्कूटरना ‘एमबी’ असे वर्ग आहेत. पिस्टनला कमी घासणारे, क्लचची पकड न सोडणारे आणि तापल्यावरही ज्याचा थर तुटत नाही असे पातळ ऑइल तयार करणे हे अवघड संशोधन आहे, आणि माझ्या मते दुचाकींच्या आपल्या देशात त्याला मोटारींच्या ऑइलपेक्षा अग्रक्रम मिळायला हवा. ऑइल कंपन्यांनी त्याच्या चाचण्या सोलापूरसारख्या तापलेल्या शहराच्या गर्दीत घ्याव्यात आणि त्यांचे निष्कर्ष मराठीतूनही जाहीर करावेत.

तोवर शहरातील गॅरेजचालकांना एक विनंती आहे. गाडीच्या पुस्तिकेत दिलेलीच ग्रेड वापरावी आणि बिलावर नुसते ‘ऑइल’ न लिहिता ग्रेड व जासो वर्ग लिहून द्यावा.

– एक वाहनधारक, सोलापूर