खुब्याचे हाड मोडेपर्यंत कोणीच आले नाही : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात एका वाडीवर राहते. गेल्या महिन्यात माझी 81 वर्षांची आई मागील दारच्या पायरीवर पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. त्याआधी दीड वर्ष तिचे शरीर इशारे देत होते. ते ओळखायला कोणी नव्हते, म्हणून हे पत्र.

आधी तिच्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या. मग आगळाच्या बाटलीचे बूच तिला फिरवता येईना, विळीवर खोबरे खवून उठताना ती खांब धरू लागली, आणि आरतीला जी देवळाची वाट ती सहज चालून जात असे, ती तिला सरेना. मी तिला दोनदा आरोग्य केंद्रात नेले. दोन्ही वेळा तिला रक्तदाबाच्या गोळ्या मिळाल्या आणि मला ‘वय झालं, असं व्हायचंच’ हे उत्तर मिळाले. वजनकाट्यावर तिला कोणी उभे केले नाही.

महोदय, वय हा आजार नव्हे. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञ लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली वार्धक्यातल्या या क्षीणतेची पाच लक्षणे मांडली : नकळत घटलेले वजन, सततचा थकवा, हाताची सैल पकड, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल. यांतली तीन दिसली तरी माणूस क्षीण समजावा. माझ्या आईत पाचही होती. वेळीच कळले तर ताकदीचा व्यायाम आणि पुरेशी प्रथिने यांनी पुष्कळ सावरता येते. पण मुले मुंबईला गेलेल्या घरांतली आमची म्हातारी माणसे पेज आणि लोणच्याच्या फोडीवर दिवस काढतात, आणि त्यांना हे सांगणारे कोणी नाही.

मागच्या वर्षीच्या शिबिरात, दर महिन्याला फिजिओथेरपिस्ट येईल, असे व्यासपीठावरून सांगितले गेले. मी दर महिन्याला विचारले. एकदाही कोणी आले नाही.

वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 पासून आहे आणि त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांसाठी दवाखाना भरवायचा आहे. आमच्याकडे तो कोणत्या वारी भरतो? ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला आयुष्मान कार्डावर 5 लाखांपर्यंतचे उपचार आहेत, पण त्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागते. म्हणजे हाड मोडल्यावर सरकार लाखो रुपये द्यायला तयार आहे आणि ते मोडू नये म्हणून महिन्यातून एकदा एक माणूस पाठवायला तयार नाही. हा हिशेब कोणी केला, ते मला समजत नाही.

मी 58 वर्षांची आहे. रात्री चार वेळा उठून आईची कूस बदलते, आणि तिला उचलताना माझ्याच कमरेत उसण भरते. भाऊ मुंबईहून पैसे पाठवतो, हात पाठवू शकत नाही. मला कोणी धरायचे, हा विचार आता रोज येतो. 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, हे जनगणनेतच आहे. तरुण जाणार आणि म्हातारे मागे राहणार, हे आपल्या खात्याला तेव्हापासून दिसत होते.

आशाताईंना साठीपुढच्या प्रत्येकाचे वजन, पकड आणि चाल तपासायला शिकवा, त्याचा वेगळा मोबदला द्या, आणि कबूल केलेला फिजिओथेरपिस्ट पाठवा.

डॉक्टरांनी आईला वॉकर घेऊन पडवीपर्यंत चालवायला सांगितले आहे. वॉकर कसा धरायचा आणि पाऊल आधी कोणते टाकायचे, हे दाखवायला आजवर कोणी आलेले नाही.

आपली,
गुहागर तालुक्यातील एक मुलगी