‘हॅपी गुड फ्रायडे’ पाठवणाऱ्यांसाठी

संपादक साहेब, स.न.वि.वि.

दरवर्षी गुड फ्रायडेला व्हॉट्सअ‍ॅपवर पाच-सहा जण मला ‘हॅपी गुड फ्रायडे’ पाठवतात, मनाने चांगले आहेत बिचारे, मी रागवत नाही, पण तो येशूच्या वधस्तंभावरच्या मरणाचा दिवस, मग ‘गुड’ कसा, हे मेसेजमध्ये मावत नाही म्हणून हे पत्र.

बायबलमध्ये येशूचा प्रेषित पौल याने रोमच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलंय की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. असतानाच! आधी सुधर मग बघू, असं नाही. लहानपणापासून चर्चमध्ये ऐकून मला हे पाठ होतं, पण कळलं कधी, तर दारूपायी घरच्यांना बारा वर्षं छळून एका रात्री उशिरा आलो आणि बायकोने ताट वाढून झाकून ठेवलेलं दिसलं तेव्हा. लायकी नसताना वाढलेलं ताट. यालाच कृपा म्हणतात, आणि म्हणूनच तो शुक्रवार ‘गुड’. रडायलाच आलं.

पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांसाठी घर काढलं, त्याचं नाव ठेवलं कृपासदन. सुधारगृह नाही म्हटलं, बघा. संस्कृत कोळून प्यायलेली बाई ती, शब्द उगाच निवडला नसणार.

आता नऊ वर्षं झाली दारू सुटून, लोक माझं कौतुक करतात, मला ऑकवर्ड होतं, कारण क्रेडिट माझं नाहीच, मी फक्त देवाचे आभार मानतो, रोज.

आणि ‘हॅपी’ म्हणायचंच असेल तर दोन दिवस थांबा, ईस्टरला म्हणा, येशू मरणातून उठला तो दिवस, घरी जेवायलाच या.

– एक वाचक, अहिल्यानगर